ऐकणारं इंजिन

घाट चढताना वरच्याच गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबून धरला, की जुन्या पेट्रोल गाडीच्या बॉनेटखालून कडकड असा धातूचा आवाज येतो. मेकॅनिक त्याला 'नॉकिंग' म्हणतात. आपण गिअर खाली टाकतो, आवाज थांबतो, विषय संपतो. टर्बो लावलेल्या इंजिनात मात्र हा आवाज आपल्या कानापर्यंत येईस्तोवर पिस्टनला भोकही पडलेलं असू शकतं.

म्हणून जुन्या टर्बो गाडीची ताकद वाढवायची असेल, तर आधी या आवाजाचा इतिहास माहीत हवा.

मूळ कल्पना जुनी आहे. १९०५ साली आल्फ्रेड ब्युखी या स्विस इंजिनिअरने तिचं पेटंट घेतलं. सायलेन्सरमधून वाया जाणाऱ्या गरम वायूंनी एक चक्र फिरवायचं, त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चक्राने इंजिनात जास्त हवा कोंबायची. जास्त हवा म्हणजे जास्त इंधन जाळता येतं, आणि जास्त इंधन म्हणजे जास्त ताकद. हिशोब सरळ आहे. पण हवा दाबली की तापते. सायकलला हवा भरताना पंपाचं टोक कसं चटका देतं, तसंच. ही तापलेली हवा सिलिंडरमध्ये आणखी दाबली जाते. स्पार्क प्लगने पेटवलेली ज्वाळा कोपऱ्यापर्यंत पोचायच्या आत तिथलं उरलेलं मिश्रण आपोआप भडकतं. हेच नॉकिंग. प्रत्येक ठोका पिस्टनवर आणि हेड गॅस्केटवर हातोड्यासारखा बसतो.

१९६२ साली अमेरिकेत ओल्ड्समोबिल जेटफायर आली. ३.५ लिटरचं व्ही-८ इंजिन, २१५ अश्वशक्ती. कंपनीने कॉम्प्रेशन रेशो १०.२५ इतका चढा ठेवला आणि नॉकिंगवर वेगळाच तोडगा काढला. पाणी आणि मिथेनॉलचं मिश्रण एका टाकीत भरायचं, आणि बूस्ट वाढला की ते आत फवारायचं, म्हणजे आतला जाळ थंड होतो. कागदावर उत्तम! पण ही टाकी मालकानेच भरायची होती, आणि मालक विसरायचे. टाकी रिकामी झाली की बूस्ट रोखण्याची सोय होती, पण मग गाडी मरगळल्यासारखी चालायची आणि तक्रारी यायच्या. पुढे कंपनीने बऱ्याच गाड्यांवरचा टर्बो काढून साधा कार्ब्युरेटर बसवून दिला. जेटफायर दोनच वर्षं बनली.

त्यानंतरच्यांनी दुसरी वाट धरली. १९७५ च्या पोर्शे ९११ टर्बोचा कॉम्प्रेशन रेशो फक्त ६.५ होता. मुळातच कमी दाबायचं, म्हणजे टर्बोने कोंबलेल्या हवेला जागा राहते. ३ लिटरमधून २६० अश्वशक्ती मिळाली खरी, पण टर्बो जोर धरेपर्यंत इंजिन सुस्त असायचं आणि मग एकदम उसळायचं. वळणावर ही उसळी महागात पडायची.

स्वीडनच्या साब कंपनीत पेर गिलब्रांड नावाचा इंजिनिअर याच प्रश्नाशी झटत होता. १९७७ साली फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात साब ९९ टर्बो दिसली. २ लिटर, १४५ अश्वशक्ती. टर्बो मुद्दाम लहान, म्हणजे तो लवकर जोर धरतो. दाब मर्यादेबाहेर जाऊ नये म्हणून वेस्टगेट नावाची झडप, जी जास्तीचे वायू टर्बोला वळसा घालून बाहेर सोडते. रोज ऑफिसला नेता येईल अशी ही टर्बो होती.

पण वेस्टगेट आंधळं होतं. पेट्रोल चांगलं असो की भेसळीचं, दिवस थंडीचा असो की उन्हाचा, ते ठरलेल्या दाबालाच उघडायचं. त्यामुळे सगळ्यात वाईट दिवस गृहीत धरून दाब कमी ठेवावा लागे.

१९८२ च्या मॉडेलपासून साब ९०० टर्बोमध्ये याचं उत्तर आलं: एपीसी. इंजिनच्या ब्लॉकवर एक सेन्सर बसवला, जो नॉकिंगची थरथर ओळखतो. पहिला ठोका कळताच एक इलेक्ट्रॉनिक डबा वेस्टगेटला इशारा देतो आणि बूस्ट उतरतो. थोडक्यात, इंजिनाला कान मिळाला. त्या भरवशावर कॉम्प्रेशन रेशो ७.२ वरून ८.५ पर्यंत नेता आला. रोजच्या चालवण्यात गाडी चपळ झाली आणि इंधनही वाचलं.

आता गंमत बघा. एपीसीच्या डब्यात फिरवता येणारे छोटे स्क्रू होते. त्यांतला 'पी' कमाल दाब ठरवायचा, 'के' कानाची संवेदनशीलता. हौशी मालकांना हे कळायला वेळ लागला नाही. 'पी' फिरवला की गाडी पळायला लागायची. मग नॉकिंग ओळखून एपीसी बूस्ट कापायचं, आणि मालक वैतागून 'के' फिरवायचे. म्हणजे इंजिन ओरडत होतं, आणि यांनी त्याचे कान बंद केले.

जुनी टर्बो गाडी बिघडते ती बहुधा इथेच. आजही हाताशी अशी गाडी असेल, तर क्रम उलटा ठेवा. आधी चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजा. तीस-चाळीस वर्षांचे रबरी पाइप, वेस्टगेटचा पडदा, इंधन पंप, फिल्टर तपासा. दाब वाढला आणि पेट्रोल तेवढं पोचलं नाही, तर मिश्रण 'लीन' होतं, जास्त तापतं आणि नॉकिंग सुरू होतं. म्हणून बूस्ट गेज आणि मिश्रण मोजणारा मीटर आधी लावा. मग हवा थंड करणारा इंटरकूलर आणि चांगलं ऑक्टेन. ब्रेकही विसरू नका. साबचा गिअरबॉक्स इंजिनच्या खाली असतो, आणि जास्त टॉर्क आला की तोच आधी हात टेकतो. हे सगळं जमलं की मगच दाब वाढवा, तोही थोडा थोडा, प्रत्येक पायरीला आकडे बघत. आणि नॉक सेन्सरला हात लावू नका.

आपल्याकडे साब दिसत नाही. पण तेव्हाच्या औरंगाबादजवळच्या शेंद्र्यातल्या कारखान्यामुळे स्कोडा आपल्या ओळखीची झाली, आणि १.८ लिटर टर्बोची, १५० अश्वशक्तीची जुनी ऑक्टाव्हिया आरएस अजूनही हौशी लोकांकडे जपलेली आढळते. तिच्यातही नॉक सेन्सर आहेत. स्क्रूच्या जागी आता लॅपटॉप आला, एवढाच फरक. ट्यूनर फाइल टाकतो आणि पंधरा मिनिटांत गाडी बदलते. त्याला आकडा विचारण्याआधी एक प्रश्न विचारा: नॉकिंग झालं तर ही फाइल काय करते?

साब कंपनी २०११ साली दिवाळखोरीत गेली. पण तिच्या ९०० टर्बो आजही रस्त्यावर धावतात. कान शाबूत ठेवलेल्या गाड्यांना तशी संधी जास्त.