फ्लास्क नाही, फ्लास्कच्या विटा!

पुण्यात कुठल्याही फ्रेशरला विचारा, पायथनमध्ये वेब ॲप करायचंय, काय वापरशील? उत्तर ठरलेलं: जँगो, नाहीतर फ्लास्क. आज तिसऱ्या वाटेची गोष्ट बघू. फ्रेमवर्क बाजूला ठेवायचं आणि ते ज्या लायब्रऱ्यांवर उभं आहे, थेट त्यांच्यावरच बांधायचं. हे करून दाखवलं आपल्या शेजारच्या मुंबईकरांनी.

आधी थोडं मागे जाऊ. 2003 मध्ये पायथनवाल्यांनी डब्ल्यूएसजीआय नावाचा करार ठरवला. वेब सर्व्हरने आलेली रिक्वेस्ट पायथन प्रोग्रामच्या हातात कशी द्यायची, एवढंच त्यात होतं. पण तो करार जसाच्या तसा वापरणं किचकट. म्हणून ऑस्ट्रियाच्या आर्मिन रोनाखरने 2007 मध्ये वर्कझोइग आणलं. जर्मन शब्द, अर्थ ‘अवजार’. एचटीएमएल पानं बनवायला त्याचंच जिंजा होतं. 2010 च्या एप्रिल फूलला त्याने गंमत म्हणून दोन्हींची मोट बांधली, आणि लोकांनी ती खरी मानली! त्याच महिन्यात फ्लास्क आलं. म्हणजे विटा आधीच्या, घर नंतरचं.

आता मुंबई. रुषभ मेहता यांनी 2008 मध्ये वेब नोट्स टेक्नॉलॉजीज सुरू केली. फ्लास्क तेव्हा जन्मालाही आलं नव्हतं. छोट्या धंद्यांसाठी त्यांनी ईआरपीनेक्स्ट केलं आणि त्याच्याखालचा पाया म्हणजे फ्रॅपे. दोन्ही ओपन सोर्स.

फ्रॅपेची खासियत काय, तर ‘डॉकटाइप’. बिल असो, ग्राहक असो, फॉर्मचा आराखडाच डेटाबेसमध्ये एक नोंद म्हणून राहतो. जँगोत टेबल कोडमध्ये लिहितात. इथे हिशेब बघणारी ताईसुद्धा स्क्रीनवरून नवा रकाना वाढवू शकते. ज्याची कल्पनाच इतकी वेगळी, त्याला तयार घराच्या भिंती आड येणारच. म्हणून फ्रॅपेने वर्कझोइगकडून रिक्वेस्ट आणि रिस्पॉन्स घेतले, एका युजरचा डेटा दुसऱ्यात मिसळू नये म्हणून ‘लोकल’ घेतलं, जिंजा घेतलं. लॉगिन, परवानग्या, फॉर्म हे सगळं स्वतःचं.

पण हे फुकट नाही बरं का. 2020 मध्ये वर्कझोइग 1.0 आलं आणि इम्पोर्टचे बरेच जुने पत्ते बंद झाले. विटांवर थेट बांधलंय ना, मग अशी डागडुजी तुमच्याच गळ्यात. लॉगिनमध्ये भोक राहिलं, तर तेही तुमचंच.

तर मंडळी, कॉलेजचं प्रोजेक्ट किंवा नेहमीची वेबसाइट असेल, तर खुशाल फ्लास्क घ्या. पण कल्पना फ्रेमवर्कच्या साच्यात बसतच नसेल, आणि डागडुजी वर्षानुवर्षं करायची तयारी असेल, तरच विटा उचला. आज रात्री एक काम करा. गिटहबवर फ्रॅपेची ‘ॲप डॉट पीवाय’ ही फाइल उघडा आणि ‘वर्कझोइग’ कुठे कुठे दिसतं ते शोधा. इंटरव्ह्यूत फ्रेमवर्कचं नाव सगळेच सांगतात. ते आतून कसं चालतं, हे तुम्ही सांगाल.