करुणेचा अभ्यास आणि शिरोड्याचे मीठ

आमच्या नांदगावहून महामार्गाने सावंतवाडीकडे जाऊन पुढे समुद्राची वाट धरली की शिरोडे लागते. मराठीच्या विद्यार्थ्याला हे गाव ठाऊक असते ते खांडेकरांमुळे. १९३० साली तेथे मिठाचा सत्याग्रह झाला. त्यात सामील झालेले एक पाली पंडित आम्हां अध्यापकांच्याही फारसे स्मरणात नसतात: धर्मानंद कोसंबी.

कोसंबींचा जन्म १८७६ सालचा, गोव्यातील साखवाळचा. १८९९ मध्ये पत्नी बाळाबाई आणि तान्ही मुलगी यांना मागे ठेवून ते बुद्धाच्या धर्माचे ज्ञान मिळवण्यासाठी बाहेर पडले. पुणे, काशी, नेपाळ, सिंहलद्वीप, ब्रह्मदेश असा तो प्रवास. 'निवेदन' हे त्यांचे आत्मकथन वर्गात चर्चेला घेतले की एक प्रश्न हमखास येतो. घरच्यांची दया ज्याला आली नाही, त्याने जगाला करुणा काय शिकवावी? प्रश्न उद्धट खरा, पण टाळण्याजोगा नाही.

ज्या ग्रंथाच्या संपादनात कोसंबींची अनेक वर्षे गेली, तो बुद्धघोषाचा 'विसुद्धिमग्ग' (पाचवे शतक) याच प्रश्नाशी येऊन भिडतो. मैत्री, करुणा, मुदिता, उपेक्षा या चार ब्रह्मविहारांना तो स्वभावाची देणगी मानत नाही. शेत कसावे तसे मन कसावे लागते. मैत्रीची भावना आधी स्वतःविषयी करायची, कारण सुखाची ओढ म्हणजे काय हे आपल्याला आपल्यावरूनच कळते. मग आदरणीय व्यक्ती, मग जिवलग, मग ज्याच्याशी देणेघेणे नाही असा मनुष्य, आणि सर्वांत शेवटी वैरी. वैऱ्यापाशी राग उसळला तर बुद्धघोष उपाय सांगतो: नेमके कशावर रागावला आहेस ते तपासून पाहा, केसांवर की नखांवर? तेही न साधले तर त्याला काही भेट दे. किती व्यवहारी सल्ला आहे हा!

पुढची कसोटी मात्र कठोर आहे. साधक, त्याचा प्रिय, एक त्रयस्थ आणि एक वैरी असे चौघे बसले आहेत. दरोडेखोर येऊन बळीसाठी एक जण मागतात. 'त्याला न्या' असे मनात आले तर भेद उरलाच. पण 'मला न्या' असे आले तरीही उरला. आपल्या त्यागशील वाङ्मयीन नायकांपैकी निम्मे तरी येथे नापास होतील.

कोसंबींचे गृहत्यागाचे समर्थन या कसोटीवर टिकत नाही, असे मला वाटते. ज्ञानासाठी कोणाला तरी मागे ठेवणे, ही निवडच होती. करुणेचा जवळचा शत्रू म्हणजे आपल्या माणसांपुरता शोक, असे तोच ग्रंथ सांगतो. पण त्यावरून आपल्या माणसांना करुणेतून वगळावे असे निघत नाही. १९०६ मध्ये ते गोव्यात परतले आणि पुढे संसार पुन्हा जुळला.

'विसुद्धिमग्गा'ची त्यांची देवनागरी आवृत्ती १९४० साली मुंबईत निघाली. हार्वर्डची आवृत्ती निघाली १९५० साली, त्यांच्या निधनानंतर तीन वर्षांनी. या दोन्ही आवृत्त्यांच्या आधी परळच्या कामगारवस्तीत त्यांनी बहुजनविहार उभा केला होता. आणि त्याही आधी, वयाच्या चौपन्नाव्या वर्षी, हा हार्वर्डला राहून आलेला पंडित शिरोड्याच्या मिठागरांपाशी आला होता.