२३ सप्टेंबर : तिबोर रुबिन यांचा उशिरा झालेला सन्मान

आजच्याच दिवशी २००५ मध्ये राष्ट्राध्यक्ष बुश यांनी व्हाइट हाउसमध्ये ७६ वर्षांच्या तिबोर रुबिन यांना 'मेडल ऑफ ऑनर' हे अमेरिकेचे सर्वोच्च शौर्यपदक प्रदान केले. पराक्रम मात्र अर्धशतकापूर्वीचा, कोरियन युद्धातला.

रुबिन मूळचे हंगेरीतले ज्यू. कोवळ्या वयातच त्यांची रवानगी माउटहाउझेनच्या नाझी छळछावणीत झाली. मे १९४५ मध्ये अमेरिकी सैनिकांनी छावणी मुक्त केली, पण आईवडील आणि दोन बहिणी तोवर गेल्या होत्या. या सैनिकांचे ऋण फेडायचेच, असे त्या पोराने तेव्हाच मनाशी ठरवले. १९४८ मध्ये निर्वासित म्हणून अमेरिकेत आल्यावर ते सैन्यभरतीला गेले. इंग्रजी कच्चे, म्हणून पहिल्यांदा नापास!

१९५० मध्ये कोरियात तुकडीला माघार घेता यावी म्हणून त्यांनी एकट्याने २४ तास टेकडी लढवली. पुढे चिनी सैन्याच्या हाती सापडून सुमारे ३० महिने युद्धकैदेत काढले. हंगेरीला परत पाठवण्याची तयारी चिन्यांनी दाखवली, ती त्यांनी नाकारली. रात्री जिवावर उदार होऊन ते शत्रूच्या कोठारातून अन्न चोरत आणि आजारी सोबत्यांना भरवत. सुमारे ४० कैदी त्यांच्यामुळे वाचले, अशी अधिकृत नोंद आहे. तरीही पदकाची शिफारस ज्यूद्वेष्ट्या वरिष्ठाने दडपली. हा अन्याय अक्षम्यच.

युद्धानंतर त्यांनी कॅलिफोर्नियात संसार थाटला. पत्नीही नाझी अत्याचारांतून वाचलेली, पदरी दोन मुले. ५ डिसेंबर २०१५ रोजी त्यांचे निधन झाले. लाँग बीचमधील माजी सैनिकांच्या रुग्णालयाला आता त्यांचेच नाव आहे.