पिठाची मर्यादा आणि पाकिटावरची तारीख



पाकिटावर तारीख छापण्याची रीत फार जुनी नाही. इंग्लंडमधल्या 'मार्क्स अँड स्पेन्सर'ने 1950 च्या दशकात गोदामातल्या मालावर विक्रीच्या मुदतीची तारीख घालायला सुरुवात केली. कोणता माल आधी फळीवर मांडायचा, हे नोकरांना कळावे एवढाच तिचा उपयोग. 1970 च्या दशकात ती गिऱ्हाइकांनाही दिसू लागली आणि दुकानदाराची खूण स्वयंपाकघराचा नियम बनली.

आपल्याकडे 2020 च्या नियमांप्रमाणे पाकिटावर 'एक्सपायरी' किंवा 'यूज बाय' तारीख सक्तीची आहे, 'बेस्ट बिफोर' ऐच्छिक आहे. पहिली उलटली की पदार्थ खाऊ नये. दुसरी फक्त चव आणि दर्जा सांगते. पण घरोघरी दोन्हींचा अर्थ एकच लावतात: तारीख गेली, टाकून द्या. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालाप्रमाणे 2022 मध्ये जगात सुमारे 105 कोटी टन अन्न वाया गेले आणि त्यातले 60 टक्के घरांतून गेले. सगळाच दोष तारखेचा नाही, पण तिचाही वाटा आहे. म्हणून त्याच 'मार्क्स अँड स्पेन्सर'ने 2022 मध्ये तीनशेहून अधिक फळे-भाज्यांवरची 'बेस्ट बिफोर' तारीख काढून टाकली.

आपल्या घरात याहून कितीतरी जुना हिशेब आहे. पिठाची मर्यादा थंडीत 7 दिवस, उन्हाळ्यात 5 आणि पावसाळ्यात 3. ती दळणाच्या दिवसापासून मोजायची. हवेत ओल वाढली की जीवोत्पत्ती लवकर होते, म्हणून मर्यादाही आखूड. पाकिटावरची तारीख मात्र बाराही महिने एकाच मापाची.

मोठा फरक पुढेच आहे. तारीख आपण वाचतो ती वस्तू घरात आल्यावर, टाकायची वेळ आली की. मर्यादा आठवते ती दळण गिरणीत देण्याआधी. तीन दिवसांत संपेल तेवढेच दळायचे, म्हणजे टाकण्याचा प्रश्नच उरत नाही. पाच किलो दळून चौथ्या दिवशी पीठ फेकले, तर मर्यादा पाळली असे म्हणता येईल का? जीवदया पाळायची तर ती मापापासूनच.

तेव्हा 'यूज बाय' पाळा, 'बेस्ट बिफोर' समजून घ्या, आणि पावसाळ्यात दळणाचा डबा लहान घ्या.