व्हायकिंग, डोरेस्टाड आणि आपले बारगीर

झुइडासच्या आपल्या घरांमधली मोठी मुलं सध्या ‘व्हायकिंग्ज’ मालिका बघतायत. (लहानांना दाखवू नका, रक्तपात भरपूर आहे.) पहिल्या सीझनचा दुसरा भाग आठवतोय? रॅग्नारची टोळी समुद्र ओलांडून इंग्लंडमधल्या मठावर तुटून पडते, साधूंना कापते, अ‍ॅथेलस्टनला गुलाम करून नेते. आणि आपण चक्क रॅग्नारच्या बाजूने असतो! लिंडिसफार्नच्या मठावरचा तो हल्ला खरा, साल 793. रॅग्नार मात्र बराचसा दंतकथेतला.

इथून गाडीने तासाभरात वाइक बाय ड्यूरस्टेडे हे गाव लागतं. तेव्हाचं डोरेस्टाड. अ‍ॅमस्टरडॅमचा पत्ताही नव्हता, तेव्हा ऱ्हाइनकाठचं हे मोठं व्यापारी बंदर होतं. 834 ते 837 अशी सलग चार वर्षं व्हायकिंगांनी ते लुटलं. पुढे बादशहा लोथारने रोरिक नावाच्या डॅनिश सरदारालाच ते देऊन टाकलं, म्हणजे चोराच्या हाती तिजोरीच्या किल्ल्या! हे आपल्याला कळतं ते लुटल्या गेलेल्यांच्या बाजूच्या धर्मगुरूंनी लिहून ठेवलं म्हणून. व्हायकिंगांच्या वीरकथा कागदावर आल्या त्या शेकडो वर्षांनी, आइसलंडमध्ये.

हे मी लेकीला सांगत होते, तर ती म्हणाली, “आई, माझी बंगाली मैत्रीण म्हणते, तिची आजी अंगाईत बर्गी येतील म्हणते. ते बर्गी मराठे होते. खरं?”

खरं आहे. बर्गी म्हणजे आपले बारगीर, ज्यांना घोडा आणि हत्यार सरकारातून मिळायचं ते स्वार. नागपूरकर रघुजी भोसल्यांचे सरदार भास्करपंत कोल्हटकर 1742 मध्ये चौथाईसाठी बंगालमध्ये उतरले. गावं जळली, माणसं मेली, बायकांवर अत्याचार झाले. गंगारामाच्या बंगाली ‘महाराष्ट्र पुराण’ काव्यात ते सगळं आहे. मराठ्यांनी हुगळी घेतली, तेव्हा शेजारच्या चिनसुऱ्यात डचांची वखार होती. भीतीपोटी कलकत्त्याला खंदक खणला गेला, त्याचं नावच ‘मराठा डिच’.

दुसरी बाजूही तिला सांगितली. 1744 मध्ये नवाब अलीवर्दीखानाने भास्करपंतांना बोलणीसाठी तंबूत बोलावलं आणि दग्याने मारलं. 1751 च्या तहात ओडिशा मराठ्यांकडे आला, शिवाय बंगालची वर्षाला 12 लाखांची चौथाई ठरली. आपल्या पुस्तकांत हा तह असतो. जळलेली गावं सहसा नसतात.

“मग आपण व्हायकिंग होतो का?” हा तिचा पुढचा प्रश्न. मी म्हटलं, रायगड वेगळा आणि बंगालची स्वारी वेगळी, पण बंगालमधल्या त्या शेतकऱ्याला आपण तसेच दिसलो असणार. ती थोडा वेळ गप्प बसली. मग विचारलं, “हे मी तिला सांगू?”

सांग म्हटलं.