बारा चित्रांचा रोल : बीड जिल्ह्याच्या सामाजिक इतिहासाचे एक दुर्लक्षित साधन

१

जिल्ह्याचा इतिहास लिहावयास बसलेला अभ्यासक प्रथम शिलालेख, सनदा आणि महसुली दप्तर यांकडे वळतो, आणि ते योग्यच आहे. बीड जिल्ह्यापुरते बोलावयाचे तर अंबाजोगाईचे यादवकालीन शिलालेख, दासोपंतांची पासोडी, निजामी अमदानीतील उर्दू कागदपत्रे ही साधने अभ्यासकांच्या परिचयाची आहेत. तथापि विसाव्या शतकाच्या मधल्या पन्नास वर्षांत या जिल्ह्यातील सामान्य कुटुंबांनी स्वतःविषयी जे साधन निर्माण करून ठेवले, त्याची गणना अद्याप साधनांत होत नाही. हे साधन म्हणजे तालुक्याच्या गावांतील फोटो स्टुडिओंत साठलेल्या ‘एकशेवीस’ रोलच्या निगेटिव्ह.

कागदावरील छापील फोटोपेक्षा ही निगेटिव्ह अधिक विश्वसनीय साधन आहे, आणि ती वाचावयाची तर जुन्या कॅमेऱ्याची कार्यपद्धती व त्या व्यवसायाची बोली या दोन्ही गोष्टी अवगत असाव्या लागतात, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

२

छायाचित्रणाची कला १८३९ साली पॅरिसमध्ये जाहीर झाली आणि अल्पावधीतच मुंबईस पोहोचली. १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या आरंभीच्या हिंदी सभासदांपैकी होत. पुढील वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये या विषयाचा वर्ग सुरू झाला. परंतु बीड त्या काळी मुंबई इलाख्यात नव्हते. ते हैदराबाद संस्थानात होते, आणि तेथे कॅमेरा आला तो दरबाराच्या आश्रयाने. मीरतजवळच्या सरधना येथील लाला दीन दयाळ (१८४४–१९०५) हे सहावे निजाम मीर महबूब अली खान यांचे दरबारी छायाचित्रकार झाले, आणि १८९४ मध्ये त्यांना ‘राजा बहादूर मुसव्विर जंग’ हा किताब मिळाला. पुढे १९१४ मध्ये संस्थानाचे पुरातत्त्व खाते निघाले. गुलाम यझदानी यांच्या नेतृत्वाखाली या खात्याने अजिंठ्याच्या भित्तिचित्रांचे जे ग्रंथ १९३० ते १९५५ या काळात सिद्ध केले, त्यांतही छायाचित्रांना मोठे स्थान होते.

या दोन्ही प्रयत्नांचे मोल निर्विवाद आहे. परंतु दोहोंतही कोणाचे व कशाचे चित्र घ्यावयाचे हे दरबार किंवा खाते ठरवीत असे. रयतेने स्वतःच्या इच्छेने, स्वतःच्या खर्चाने, स्वतःस हव्या त्या पोशाखात चित्र काढून घ्यावे, ही अवस्था येण्यास कॅमेरा स्वस्त व सुटसुटीत व्हावा लागला. काचपट्टीची जागा गुंडाळीच्या फिल्मने घेतली तेव्हा ते शक्य झाले.

३

‘एकशेवीस’ हा आकडा फिल्मचे माप सांगत नाही. कोडॅक कंपनी आपल्या फिल्मप्रकारांना ओळीने क्रमांक देत असे. १९०१ साली ‘क्रमांक २ ब्राउनी’ या पेटीवजा कॅमेऱ्यासाठी जो प्रकार निघाला त्यास १२० हा क्रमांक मिळाला, आणि तोच जगभर रूढ झाला. सुमारे ६१ मिलिमीटर रुंदीची फिल्म, तिच्या पाठीस काळा कागद, त्या कागदावर छापलेले आकडे, आणि ते पाहण्यासाठी साध्या कॅमेऱ्याच्या पाठीवर असलेली छोटी लाल खिडकी, अशी ही रचना होय. एका रोलवर नऊ सेंटिमीटर लांबीची आठ, सहा सेंटिमीटरची चौरस बारा, किंवा साडेचार सेंटिमीटर रुंदीची सोळा चित्रे बसतात. चौरस चित्र प्रत्यक्षात ५६ मिलिमीटर बाजूचे असते, म्हणजे पस्तीस मिलिमीटर फिल्मवरील चित्राच्या क्षेत्रफळाच्या साडेतीन पटींहून मोठे. ‘मध्यम आकार’ ही संज्ञा मोठी काचपट्टी व पस्तीस मिलिमीटर फिल्म यांच्या तुलनेत दिलेली आहे.

ब्राउन्श्वाइग येथील फ्रांके आणि हायडेके या कंपनीने १९२९ मध्ये रोलायफ्लेक्स हा दोन भिंगांचा कॅमेरा बाजारात आणला. वरच्या भिंगातून पाहावयाचे व खालच्याने चित्र घ्यावयाचे, ही त्याची पद्धत. पुढे तिचे अनेकांनी अनुकरण केले. त्यांपैकी जपानी याशिका-मॅट (१९५७) व तिची १९७० मधील ‘१२४ जी’ ही आवृत्ती भारतीय स्टुडिओंत विशेष रुळली. हौशी माणसासाठी बडोद्याच्या न्यू इंडिया इंडस्ट्रीजने येथेच तयार केलेला ‘अगफा क्लिक थ्री’ होता. फिल्मच्या बाबतीत स्वावलंबन साधावे म्हणून सरकारने १९६० मध्ये उटी येथे हिंदुस्थान फोटो फिल्म्स ही कंपनी स्थापिली. तिचे उत्पादन १९६७ मध्ये सुरू झाले आणि ‘इंदू’ हे तिच्या मालाचे नाव सर्वतोमुखी झाले.

शहरांतील वृत्तपत्रांनी पस्तीस मिलिमीटरचा स्वीकार केल्यावरही जिल्ह्याच्या ठिकाणी हा मोठा रोल टिकून राहिला. त्यामागे सवयीपेक्षा सबळ कारणे होती. पस्तीस मिलिमीटरचे चित्र इतके लहान की ते मोठे करून छापल्यावाचून पाहण्याजोगे होत नाही, आणि मोठे करण्याच्या यंत्रास विजेचा दिवा लागतो. एकशेवीसची निगेटिव्ह मात्र कागदावर थेट ठेवून, वरून काच दाबून, क्षणभर प्रकाश दाखविला तरी हातात धरून पाहता येईल असा फोटो मिळतो. सूर्यप्रकाशात छापणारा कागद असल्यास दिव्याचीही गरज नाही. १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य झाले तेव्हा राज्यातील बहुसंख्य खेड्यांत वीज नव्हती, हे ध्यानात घेतले म्हणजे या गुणाचे महत्त्व पटते. दुसरे कारण हस्तसंस्काराचे. मोठ्या निगेटिव्हवर शिसपेन्सिलीने काम करता येते. पेन्सिल फिरविलेला भाग छापताना उजळ उतरतो, चाकूने खरवडलेला भाग काळा उतरतो. देवीचे व्रण घालविणे, वर्ण उजळणे ही कामे अशीच होत, आणि गिऱ्हाईक त्यांचीच अपेक्षा करीत असे.

४

आता प्रश्न असा की, छापील फोटो उपलब्ध असता निगेटिव्हचा आग्रह का धरावा ? याची कारणे चार आहेत.

पहिले कारण पाण्याचे. फोटोच्या कागदाचे तंतू रसायन शोषून घेतात. ते निघून जाण्यास जुन्या प्रकारचा कागद वाहत्या पाण्यात तासभर धुवावा लागतो. धुणे अपुरे राहिल्यास फोटो काही वर्षांत पिवळा पडून विरू लागतो. फिल्म रसायन फारसे शोषीत नाही, त्यामुळे ती बऱ्याच कमी पाण्यात स्वच्छ होते. पर्जन्यछायेत वसलेल्या, १९७२ सारखे दुष्काळ सोसलेल्या जिल्ह्यात या फरकाचा अर्थ विशद करण्याची आवश्यकता नाही.

दुसरे कारण काटछाटीचे. चौरस निगेटिव्ह आयताकृती कागदावर छापताना कडा कापल्या जातात. रंगविलेल्या पडद्याचा शेवट, त्यापलीकडची कुडाची भिंत, मूल स्थिर बसावे म्हणून चौकटीबाहेरून आलेला आईचा हात, हे सर्व निगेटिव्हवर असते आणि फोटोवर नसते. फोटो कुटुंबाची इच्छा सांगतो. निगेटिव्ह त्या इच्छेसह तिच्या भोवतालची परिस्थितीही सांगते.

तिसरे कारण वर सांगितलेल्या हस्तसंस्काराचे. फोटोत उजळलेला चेहरा केवळ उजळ दिसतो. निगेटिव्ह तिरप्या प्रकाशात धरली असता शिसपेन्सिलीचे फराटे चमकतात, आणि मूळ काय होते व बदलले काय हे वेगळे करता येते. वर्ण, वय आणि व्रण यांविषयी समाजाची अपेक्षा काय होती याचा हा लेखी पुरावाच म्हणावयाचा.

चौथे कारण कालनिश्चितीचे. फिल्मच्या कडेवर बहुधा उत्पादकाचे नाव असते, क्वचित ‘सेफ्टी’ हा शब्द असतो. ‘इंदू’ हे नाव आढळल्यास ते चित्र १९६७ पूर्वीचे असू शकत नाही. पाठीमागे काहीच न लिहिलेल्या फोटोपेक्षा हा आधार कितीतरी पक्का आहे.

५

परंतु निगेटिव्ह वाचणाऱ्याने कॅमेऱ्याच्या मर्यादा न जाणल्यास तो चुकीचे निष्कर्ष काढील. दोन उदाहरणे पुरेत.

घरगुती संग्रहांत अंगण, ओसरी, शेत यांची चित्रे आढळतात. स्वयंपाकघर, देवघर, रात्रीचा समारंभ यांची क्वचितच. यावरून घराच्या अंतर्भागाविषयी लोकांस संकोच होता असे अनुमान करण्याचा मोह होतो. संकोच असेलही, परंतु क्लिक थ्रीसारख्या कॅमेऱ्यात ऊन की ढग एवढीच निवड असे, आणि दोन्हींसाठी उघड्यावरचाच उजेड लागे. माळवदाच्या घरातील उजेडात फ्लॅशवाचून त्या कॅमेऱ्याने काहीच उमटले नसते. येथे अभाव प्रकाशाचा आहे. तो संस्कृतीचा मानावयाचा असल्यास वेगळा पुरावा हवा.

दुसरे उदाहरण कुंकवाचे. जुन्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला तांबडा रंग दिसत नाही, त्यामुळे तिच्यावर कुंकू काळे उमटते व गव्हाळ वर्णही सावळा होतो. पुढील पॅनक्रोमॅटिक फिल्मवर तेच कुंकू करडे दिसते. फोटोतील काळ्या टिकलीवरून प्रथेतील बदल शोधणाऱ्याने प्रथम फिल्म कोणती हे पाहिले पाहिजे.

हे ज्ञान पुस्तकातून काही अंशी मिळते, पण जुना कॅमेरा प्रत्यक्ष हाताळल्याने अधिक पक्के होते. एकशेवीसची फिल्म आजही इल्फर्ड व कोडॅक या नावांनी तयार होते, आणि जुने कॅमेरे बहुधा दुरुस्त होतात. प्राचीन घटांचा अभ्यासक जसा स्वतः चाकावर बसून पाहतो, तसे आधुनिक इतिहासाच्या विद्यार्थ्याने एक रोल स्वतः भरून, बारा चित्रे घेऊन, स्वतः धुवून पाहावा. दोन भिंगांच्या कॅमेऱ्यात मान खाली घालून पाहावे लागते, आणि काचेवरील प्रतिमेत डावेउजवे उलट असते. चित्र घेणारा समोरच्याच्या डोळ्यांत पाहत नाही. भिंग त्याच्या छातीच्या किंवा कमरेच्या उंचीवर असते. समोर उभी असलेली व्यक्ती त्यामुळे किंचित खालून पाहिली जाते व भारदस्त दिसते. अशा चित्रांतील भारदस्तपणाचा काही वाटा व्यक्तीचा, तर काही भिंगाच्या उंचीचा आहे, हे एका रोलने समजते.

६

शेवटी शब्दांविषयी. मराठीत आपण फोटो ‘काढतो’, जसे चित्र काढतो. कॅमेरा आला तेव्हा भाषेने चिताऱ्याचे क्रियापद त्यास दिले. दीन दयाळांना मिळालेल्या किताबातील ‘मुसव्विर’ या शब्दाचा अर्थही चितारी असाच आहे. तेथेही दरबाराने जुन्या कारागिराचे नाव नव्या कारागिरास दिले. प्रमाण उर्दूत तसवीर ‘खींची’ किंवा ‘उतारी’ जाते. दखनीत मात्र फोटो ‘निकाला’ जातो. मराठी ‘काढणे’, तेलुगू ‘तीयु’ व कानडी ‘तेगे’ या तिन्हींत बाहेर काढण्याचा अर्थ आहे, आणि दखनी ‘निकालना’ त्यांच्याच पंक्तीस बसते. ज्या संस्थानात या चारही भाषा शेजारी नांदत होत्या, तेथील बाजाराने एका परकीय यंत्रासाठी एकच कल्पना चार रूपांत वापरली, ही गोष्ट भाषाभ्यासकाने दुर्लक्षिण्याजोगी नाही.

‘काढणे’ भ्रमणध्वनीच्या काळातही टिकले आहे. परंतु ‘रोल धुणे’, ‘रोल संपल्यावर या’ हे प्रयोग लोपत आहेत. यांपैकी दुसऱ्यात त्या व्यवसायाचे अर्थशास्त्र साठले आहे. एका गिऱ्हाइकासाठी बारा चित्रांचा रोल मध्येच कापणे परवडत नसे. बारा चित्रे पुरी होईपर्यंत पहिल्याने थांबावयाचे. एका रोलवर म्हणूनच परस्परांस अनोळखी अशी माणसे शेजारीशेजारी येतात : परीक्षेच्या अर्जासाठी बसलेला विद्यार्थी, स्थळाकडे पाठविण्यासाठी उभी केलेली मुलगी, ऊसतोडीस निघालेले जोडपे. हा शेजार कोणी योजिलेला नसल्यामुळेच तो इतिहासास उपयोगी आहे.

हे साधन फार काळ वाट पाहणार नाही. ॲसिटेटची फिल्म उष्णतेने व दमटपणाने कुजते, तिला व्हिनेगारचा वास येऊ लागतो, ती आक्रसते, आणि एकदा सुरू झालेली ही क्रिया थांबविता येत नाही. फक्त थंड जागी ठेवून मंद करता येते. बीडचा उन्हाळा चाळीस अंशांपलीकडे जातो. स्टुडिओ बंद पडले की निगेटिव्हचे गठ्ठे रद्दीत जातात किंवा त्यांतील चांदीसाठी विकले जातात. जुन्या कॅमेऱ्यांस शोभेची वस्तू म्हणून किंमत येते. त्यांतून निघालेल्या फिल्मला कोणी विचारीत नाही.

विद्यापीठीय विभागांनी या बाबतीत तीन गोष्टी एकत्रच गोळा कराव्यात : निगेटिव्ह, ती ज्या पाकिटात आहे ते पाकीट व त्यावरील क्रमांकाशी जुळणारी स्टुडिओची वही, आणि ती वही लिहिणाऱ्याच्या तोंडची भाषा. वहीवाचून निगेटिव्हवरील चेहऱ्यास नाव राहत नाही, आणि त्या कारागिरावाचून वहीतील संक्षेपांचा अर्थ लागत नाही. याशिका व क्लिक थ्री हाताळलेली पिढी आता वृद्ध झाली आहे. बीड, अंबाजोगाई, परळी, माजलगाव येथील तिच्या मुलाखतींचे काम पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या आवाक्यातील आहे, आणि त्याचा आरंभ येत्या उन्हाळ्यापूर्वी व्हावयास हवा.