मॅग्नेशियमच्या गोळ्या घेणे सुरक्षित आहे का?

झोप लागत नाही, पायात गोळे येतात, थकवा जाणवतो, अशा तक्रारींवर हल्ली अनेकजण स्वतःच मॅग्नेशियमच्या गोळ्या सुरू करतात. मूत्रपिंडे निरोगी असतील आणि मात्रा मर्यादित असेल, तर त्या बहुतेक प्रौढांना सुरक्षित असतात. काहींसाठी मात्र त्या धोकादायक ठरू शकतात.

किती घ्यावे?
अमेरिकेत प्रौढांसाठी गोळ्या व औषधांतून मिळणाऱ्या मॅग्नेशियमची कमाल मर्यादा दिवसाला ३५० मिलिग्रॅम आहे. युरोपात ती २५० मिलिग्रॅम आहे. नाचणी, बाजरी, तीळ, शेंगदाणे, पालेभाज्या यांतून मिळणारे मॅग्नेशियम यात धरलेले नाही; आहारातले जादा मॅग्नेशियम निरोगी मूत्रपिंडे लघवीवाटे बाहेर टाकतात.

लेबल वाचताना एक गोष्ट लक्षात ठेवा. ५०० मिलिग्रॅम मॅग्नेशियम ग्लायसिनेटमध्ये प्रत्यक्ष मॅग्नेशियम साधारण ७० मिलिग्रॅमच असते, तर तेवढ्याच मॅग्नेशियम ऑक्साइडमध्ये सुमारे ३०० मिलिग्रॅम. म्हणून संयुगाचे वजन न पाहता प्रत्यक्ष मॅग्नेशियम किती, ते पाहावे.

दुष्परिणाम
जुलाब, मळमळ आणि पोटात मुरडा हे नेहमी आढळणारे त्रास आहेत. ऑक्साइड शरीरात कमी शोषले जाते, त्यामुळे त्याने जुलाब अधिक होतात. मात्रा कमी केली किंवा गोळी जेवणासोबत घेतली, तर त्रास बहुधा कमी होतो.

कोणी सावध राहावे?
मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय या गोळ्या घेऊ नयेत. त्यांच्या रक्तात मॅग्नेशियम साचून रक्तदाब उतरणे, स्नायूंची कमजोरी, गुंगी, हृदयाचे ठोके अनियमित होणे असे त्रास होऊ शकतात. पातळी फार वाढली तर हृदय बंदही पडू शकते. अनेक अँटासिड आणि जुलाबाच्या औषधांतही मॅग्नेशियम असते. वयस्कर माणसांच्या बाबतीत हा हिशेब हमखास राहून जातो.

इतर औषधांसोबत
- थायरॉईडची गोळी (लेव्होथायरॉक्सिन): किमान ४ तासांचे अंतर ठेवा.
- डॉक्सिसायक्लिन, सिप्रोफ्लॉक्सासिन यांसारखी प्रतिजैविके: मॅग्नेशियमच्या किमान २ तास आधी किंवा ४ ते ६ तासांनंतर घ्या.
- हाडांच्या ठिसूळपणावरील अलेंड्रोनेट: ते आधी घ्या, मॅग्नेशियम किमान २ तासांनी.

एकत्र घेतल्यास ही औषधे नीट शोषली जात नाहीत आणि मूळ उपचारच निष्प्रभ होऊ शकतो.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?
गोळ्या घेताना खूप अशक्तपणा, चक्कर, श्वासाला त्रास किंवा छातीत धडधड जाणवली, तर गोळ्या थांबवून लगेच वैद्यकीय मदत घ्या. डॉक्टरांकडे जाताना गोळ्यांची बाटली सोबत न्या.